मदत हवी आहे: हृदय ठणठणीत, तरी संध्याकाळी पाय सुजतात. पायातलं रक्त वर चढवतं कोण?

कापडपेठकर:
नमस्कार मंडळी. धागा आरोग्यात टाकावा की विज्ञानात हे ठरेना, म्हणून इथे टाकतोय.

सांगलीत कापड पेठेतल्या एका दुकानात ड्रेस मटेरियलच्या काउंटरला असतो. वय 44. सकाळी दहाला उभा राहिलो की रात्री शटर ओढेपर्यंत बूड टेकायचं नाही. गिऱ्हाईक समोर असताना माणूस बसलेला मालकाला चालत नाही, आणि लग्नसराईत गिऱ्हाईक समोर नाही असं होत नाही.

दिवाळीपासून संध्याकाळी दोन्ही पाय जड होतात, डावा जास्त. मोजा काढला की रबराचा वळ घोट्याच्या वर खोल उमटलेला असतो. नडगीवर अंगठा दाबून धरला तर खळगा पडतो आणि सावकाश भरतो. सकाळी उठल्यावर सगळं गायब. डाव्या पोटरीच्या आतल्या बाजूला एक हिरवट-निळी शीर वेडीवाकडी फुगून वर आलीय. गल्लीतले डॉक्टर म्हणाले, "रक्ताभिसरण कमी पडतंय," आणि लघवीवाटे पाणी काढायची गोळी दिली. घरच्यांनी हार्टचाच धसका घेतला, म्हणून ईसीजी आणि टूडी इको करून आलो. दोन्ही नॉर्मल. बीपी 126/82. शुगर नाही.

आता डोक्यातला किडा. आमची थोडी शेती पलूसकडे, कृष्णेवर मोटर आहे. मोटर खाली नदीवर असते आणि पाणी वर ढकलते, हे लहानपणापासून बघतोय. हृदय म्हणजे पंप, हेही शाळेत शिकलो. पण हा पंप वर छातीत, आणि रक्त खाली तळपायात. तिथून चार फूट उभं चढवायला दुसरी मोटर कुठे बसवलीय? की हृदयच वरून ओढून घेतं? आणि हृदय चांगलं असेल तर बिघाड कशात धरायचा? जायचं कुणाकडे?

रानवारा_तासगाव:
मर्दा, एवढा विचार करू नको. रात्री पायाखाली दोन उशा घे आणि मिठाच्या गरम पाण्यात पाय सोडून बस. आमच्या आत्याला लई फरक पडला.

नाडीपरीक्षा:
उशा घ्याच. गरम पाणी मात्र सोडा, उष्णतेने शिरा आणखी सैल पडतात.

दादा, मी मिरजेत नर्सिंगच्या मुलींना शरीरक्रियाशास्त्र शिकवते. हा प्रश्न वर्गात दरवर्षी येतो, मोटरीसकट पहिल्यांदाच आला. तुमची मोटर उत्तरात फार पुढेपर्यंत चालते, एका जागी मात्र अडते. तिथूनच सुरू करू.

नदीचं पाणी शेतात पडलं की परत येत नाही. रक्ताची नळी म्हणजे बंद वर्तुळ आहे. हृदयातून धमनीने खाली गेलेलं रक्त पायातल्या केसासारख्या बारीक केशवाहिन्यांतून नीलेत, म्हणजे शिरेत, येतं आणि नीलेनेच वर जातं. आडव्या माणसाच्या घोट्यापाशी धमनीतला सरासरी दाब 95 धरा आणि नीलेतला 10. उभं राहिलं की छातीपासून घोट्यापर्यंतच्या रक्ताचं वजन खाली येतं, साधारण 90 मिलिमीटर पारा (बीपीचंच माप). पण ते दोन्ही नळ्यांत सारखंच येतं. धमनीत 185, नीलेत 100. वजाबाकी आधीही 85 आणि नंतरही 85. म्हणजे वरून उतरणारा रक्ताचा स्तंभच चढणाऱ्याला तोलून धरतो, आणि फिरवत ठेवायला हृदयाचा धक्का पुरतो. हृदय ओढतं का? फारच थोडं. उजव्या कप्प्यात जेवढं येऊन पडेल तेवढंच ते पुढे ढकलतं. एका ठोक्याला 70 मिली, मिनिटाला 70 ठोके, झाले सुमारे 5 लिटर. अंगात एकूण रक्तही जवळपास तेवढंच असतं.

मग पाय का सुजतात? कारण नळ्या लोखंडी नाहीत. धमनीची भिंत जाड, तिला 185 झेपतं. नीलेची भिंत पातळ, ती 100 ला फुगते आणि रक्त साठवून बसते. नुसतं स्तब्ध उभं राहिलं तरी अर्धा लिटर किंवा जास्तच रक्त छातीकडून पोटात आणि पायांत उतरतं. शिवाय त्या दाबाने केशवाहिन्यांतून पाणी बाहेर पाझरतं. तुमच्या नडगीवरचा खळगा त्याच पाण्याचा. एरवीही थोडं पाझरतच असतं, ते लसिकावाहिन्या दिवसाला 2-3 लिटरच्या हिशेबाने गोळा करून रक्तात परत आणतात. उभ्याने दिवस काढला की त्यांना आवरत नाही. रात्री आडवे झालात की 90 चा भार उतरतो, म्हणून सकाळी सगळं गायब.

आता तुमची दुसरी मोटर. ती पोटरीत आहे. पोटरीच्या स्नायूंमध्ये खोल नीला असतात. पाऊल टाकलं की स्नायू आवळतो आणि त्या पिळल्या जातात. रक्त वरही जाऊ पाहतं आणि खालीही, पण नीलेत जागोजागी फूटव्हॉल्व्ह आहेत. वर जाणाऱ्याला उघडतात, खाली येणाऱ्याला मिटतात. चालायला लागल्यावर दहा-बारा पावलांत घोट्याच्या नीलेतला दाब सुमारे 100 वरून 30 च्या खाली येतो. थांबलात की अर्ध्या मिनिटात पुन्हा चढतो. काउंटरमागे तुमची ही मोटर दिवसभर बंद असते.

आणि फूटव्हॉल्व्ह गळायला लागला की काय होतं ते मी पलूसच्या माणसाला काय सांगणार! वर गेलेलं परत खाली. खालची नीला ताणली जाते, ताणली की तिथल्या झडपेची दोन पानं एकमेकांना टेकत नाहीत, की तीही गेली. मग वरची कातडीलगतची शीर वेडीवाकडी फुगते. व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात त्या याच. तुमचं वर्णन त्याच्याशी जुळतंय, पण निदान तपासूनच व्हायचं.

कापडपेठकर:
ताई, आजवर एकाही डॉक्टरने एवढं सांगितलं नव्हतं. पण झडपा आहेत हे बघायला मिळतं का? इकोमध्ये तर हृदयाच्याच दिसल्या.

नाडीपरीक्षा:
घरी दिसतं, यंत्र लागत नाही. हात खाली सोडून मूठ आवळा-सोडा, म्हणजे मनगटाच्या मागच्या शिरा वर येतील. सरळ जाणारी एक शीर निवडा. बोटांकडच्या टोकाला तिच्यावर एक बोट दाबून ठेवा. दुसऱ्या बोटाने तिथून कोपराच्या दिशेने रक्त पुसत न्या, मधली एखादी बारीक गाठ ओलांडा, आणि ते बोट उचला. गाठीच्या वरचा भाग भरलेला दिसेल, खालचा सपाटच राहील. ती गाठ म्हणजे झडप. आता पहिलं बोट उचला, शीर झटकन खालून भरते. काहींच्या हातावर शिरा दिसत नाहीत, तेव्हा घरातल्या हडकुळ्या माणसाचा हात धरा.

हा प्रयोग विल्यम हार्वेने 1628 मध्ये छापला. गंमत म्हणजे झडपांचं वर्णन त्याच्या पादुआच्या गुरूने, फाब्रिसियसने, 1603 मध्येच केलं होतं. पण रक्त नीलांतून बाहेरच्या दिशेला जातं असं तेव्हा सगळेच धरून चालायचे, म्हणून गुरुजींना वाटलं की झडपा रक्ताला खाली धावण्यापासून आवरतात. हार्वेने साधा हिशेब मांडला: अर्ध्या तासात हृदय जेवढं रक्त बाहेर टाकतं तेवढं अंगातही नसतं, मग ते परत यायलाच हवं. धमनी आणि नीला यांना जोडणाऱ्या केशवाहिन्या त्याला दिसल्या नाहीत. त्या 1661 मध्ये माल्पिगीने बेडकाच्या फुप्फुसात पाहिल्या, तोवर हार्वे गेला होता.

अजिंक्यतारा_वॉकर:
साताऱ्यातून वाचतोय. झेंडावंदनाला पोरं धाडकन पडतात ती याच कारणाने का? आमच्या शाळेत दर 15 ऑगस्टला एखादा आडवा व्हायचाच, आणि सर म्हणायचे सकाळी खाऊन आला नाहीस.

नाडीपरीक्षा:
उपाशीपोटी आणि उन्हात जास्त होतं, पण मूळ हेच. सावधानमध्ये पोटऱ्या निश्चल, रक्त खाली, हृदयाकडे येणारं कमी, मेंदूला कमी. पडल्यावर मूल आडवं होतं आणि रक्त आपोआप परत येतं. म्हणून त्याला चार जणांनी धरून उभं करू नये किंवा खुर्चीत कोंबू नये. आडवंच ठेवून पाय वर उचलावेत. मिनिटभरात शुद्धीवर आलं नाही तर मात्र दवाखाना. सावधानमध्येही बुटाच्या आत बोटं आवळता येतात, सरांना दिसत नाही.

विटेकर:
ताई, धागा पळवतोय, माफ करा. सासूबाईंचेही पाय सुजतात, दोन्ही सारखेच. शिरा वगैरे काही नाही. बीपीची गोळी चालू आहे.

नाडीपरीक्षा:
गोळीचं नाव बघा. अॅम्लोडिपिन असेल तर घोटे सुजणं हा तिचा नेहमीचा दुष्परिणाम आहे. ती छोट्या धमन्या सैल करते, नीला तेवढ्या नाहीत, त्यामुळे केशवाहिन्यांत दाब वाढतो. पण गोळी मनाने बंद करू नका, ज्यांनी दिली त्यांना सांगा, बदलून देतात. आणि त्यांना आडवं झाल्यावर धाप लागत असेल, रात्री उठून बसावं लागत असेल, तर गोळीवर ढकलू नका. तेव्हा हृदय आणि किडनी दोन्ही तपासायला हवीत.

कापडपेठकर दादा, तुम्हाला हृदयवाल्याची गरज दिसत नाही. व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांचे) सर्जन गाठा, नाहीतर जनरल सर्जन. मिरजेत डॉक्टरांची वानवा नाही. पायाच्या नीलांचं कलर डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करायला सांगतील. झडप गळते का हे उभं करून बघतात, आडवं निजवूनच उरकत असतील तर विचारा. पाणी काढायच्या गोळीने झडप दुरुस्त होत नाही, ती चालू ठेवायची का हेही तिथेच विचारा. आणि एकच पाय अचानक सुजला, गरम लागला, पोटरी ठणकली, तर सोमवारची वाट बघू नका. ती खोल नीलेतली गुठळी असू शकते, आणि सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते.

कापडपेठकर:
सोमवारी बाजारपेठ बंद, त्याच दिवशी मिरज गाठतो. मालकाला स्टुलाचं विचारलं, "बघू" म्हणाले, म्हणजे नाहीच. तोवर उभ्याउभ्या काय करू? आणि मेडिकलमध्ये ते घट्ट मोजे मिळतात, ते घेऊन टाकू का?

नाडीपरीक्षा:
काउंटर धरून टाचा उचलायच्या आणि टेकवायच्या. थान उलगडताना होतं, गिऱ्हाइकाला कळतही नाही. मोजे आत्ताच घेऊ नका. आधी सर्जनना पावलावरची नाडी बघू द्या, कारण धमनीच अरुंद असेल तर घट्ट मोजा पायाला घातक ठरतो. त्यांनी हो म्हटलं की घोट्याचं आणि पोटरीचं माप सकाळी उठल्याउठल्या घ्यायचं, सूज चढायच्या आत. संध्याकाळी दुकानातून जाता जाता माप दिलंत तर ढगळ मोजा गळ्यात पडेल.