‘बॅग बाबांनीच भरायची’ : आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरून

रविवार, २३ नोव्हेंबर

बी-४०३ सावंत : नमस्कार मंडळी. गणपतीत नुसतं बोललो होतो, ते आता पक्कं करू. शनिवार १३ डिसेंबर, एक रात्र, भंडारदरा. फक्त बाबा आणि लेकी. वय ७ ते १३. शनिवारी सकाळी ९ ला गेटवरून निघायचं, रविवारी संध्याकाळी परत. तंबू शेंडी गावाच्या पुढे एका ताईंच्या शेतात, जेवण त्यांच्याच चुलीवरचं. दिवाळीनंतर स्वतः जाऊन बघून आलोय. संडास पक्का आहे, आत दिवा आहे, कडी लागते. तिन्ही तपासलं.

ए-१०२ देशपांडे : १३ च का? लग्नाचा सीझन आहे हो.

बी-४०३ सावंत : मुद्दाम. १३-१४ च्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव भरात असतो. चंद्र दोनच्या सुमारास उगवणार, तोवर आकाश काळं मिळेल. दरवर्षी हे शनिवारी जुळून येत नाही.

सी-७०१ इनामदार : उल्का म्हणजे धूमकेतूचा कचरा ना?

बी-४०३ सावंत : एरवी हो. हा वर्षाव वेगळा, फेथॉन नावाच्या लघुग्रहामागच्या धुळीतून येतो. तो १९८३ ला सापडला. उल्का जरा सावकाश पडतात, त्यामुळे ‘कुठे कुठे’ म्हणेपर्यंत लहान पोरांनाही दिसतात.

सेक्रेटरी : उद्या सकाळी ११ ते ४ पाणी बंद. टाकी धुणार आहेत. कृपया भरून ठेवावे.

बी-६०४ पाटील : मी बहुतेक येईन. शनिवारी एक कॉल आहे, बघतो.

बी-६०४ मुक्ताची आई : बहुतेक म्हणजे? मुक्ता शेजारी बसून वाचतेय.

बी-६०४ पाटील : येतो.

ए-५०३ रेवाची आई : सावंतदादा, कल्पना छान आहे, पण एक बोलू का? आमच्या घरी आधीच बाबा म्हणजे मजा आणि आई म्हणजे ‘अभ्यास झाला का, दूध प्यायलीस का’. आता तारेही बाबाच दाखवणार. आणि बॅग मी भरणार, औषधांच्या गोळ्या मी मोजून देणार, आल्यावर चिखलाचे कपडे मी धुणार. मग ही ट्रिप नेमकी कोणाची?

बी-२०१ सईची आई : 👏👏👏

सी-३०२ ईराची आई : अगदी. मागच्या वर्षी हे ईराला दोन दिवस आजोळी घेऊन गेले. त्या दोन दिवसांत मला सतरा फोन. ‘तिचा टॉवेल कुठला?’

बी-४०३ सावंत : बरोबर बोललात. मग नियमच करू. बॅग बाबांनीच भरायची. आईला विचारायचं नाही, लेकीला विचारायचं. विसरलं तर विसरलं.

ए-१०२ देशपांडे : बाप रे.

सी-७०१ इनामदार : मी डॅलसला प्रोजेक्टवर होतो तेव्हा तिथे वायएमसीए नावाच्या संस्थेचा असाच प्रकार बघितला. बाप आणि मुलांचे गट, महिन्यातून एकदा भेटायचे, वर्षातून दोन-तीनदा कॅम्प. तिकडे हे १९२६ पासून चालू आहे. आधी बाप-लेक म्हणजे मुलगेच, मुलींचं बरंच नंतर आलं.

डी-४०१ बर्वेकाका : तिकडचं तिकडे. जंगलात मुलींना रात्री नेणं मला तरी पटत नाही. बिबटे आहेत त्या भागात.

बी-४०३ सावंत : काका, अभयारण्य आहे, बिबटे असणारच. म्हणून तर गावाला लागून राहतोय, जंगलात नाही. वनखात्याच्या नाक्यावर नोंद होते. स्पीकर, फटाके काही नाही. खाऊ तंबूत ठेवायचा नाही, गाडीत. नाहीतर बिबट्याआधी कुत्रीच येतील.

बी-२०१ सईची आई : आणि रात्री मुली झोपल्यावर बाबामंडळींची ‘बैठक’ असेल ना?

बी-४०३ सावंत : नाही. एक घोटसुद्धा नाही. रात्री अकराला एखाद्या पोरीला ताप आला तर गाडी कोण चालवणार?

(दोन मिनिटांनी ए-३०४ ने ‘१३ ला ऑफिसचं काम निघालंय’ असा मेसेज टाकला. समजलं ते समजलं.)

मंगळवार, २५ नोव्हेंबर

सी-१०४ मनूची आई : दादा, मनूचे बाबा बोटीवर आहेत, मार्चमध्ये येतील. तिने काल ग्रुप वाचला आणि मला म्हणाली, ‘आपण जायचं नाही ना?’ तिचे आजोबा आले तर चालेल का? नियमात बसत नसेल तर खरंच हरकत नाही.

बी-४०३ सावंत : वहिनी, पहिल्या मेसेजमध्ये ‘फक्त बाबा’ लिहिलं ती माझी चूक. आजोबा, मामा, काका, कोणीही या. आजोबांना आधीच विचारायला हवं होतं.

सी-१०४ मनूचे आजोबा : गुडघ्याचा त्रास आहे. जमिनीवर बसून उठता येत नाही. खुर्ची आणली तर येतो. पिठलं असेल तर नक्की येतो.

बी-४०३ सावंत : खुर्ची माझ्या गाडीत टाकली, समजा.

शनिवार, ६ डिसेंबर

बी-४०३ सावंत : आता कामाचं. पहाटे तिथे ८-१० अंशांपर्यंत उतरतं. थंडी वरून कमी, जमिनीतून जास्त येते, म्हणून अंगावर दोन गोधड्या घेण्यापेक्षा खाली एक जाड मॅट हवीच. कानटोपी, मोजे दोन जोड. झोपताना दिवसभरचे मोजे काढून कोरडे घालायचे. तंबूची वरची खिडकी थोडी उघडी ठेवायची, नाहीतर श्वासाची वाफ आतून ठिबकते. आणि कोणीही कितीही थंडी वाजली तरी शेगडी तंबूत घ्यायची नाही. कोळशाच्या धुराने नाही, त्यातल्या न दिसणाऱ्या वायूने माणूस झोपेतच जातो. हा एकच नियम मी दोनदा सांगणार आहे.

बी-६०४ पाटील : टॉर्च?

बी-४०३ सावंत : प्रत्येक मुलीला एक. काचेवर लाल जिलेटिन पेपर, दोन थर, रबरबँडने. डोळ्यांना अंधार सरावायला वीसेक मिनिटं लागतात आणि एक पांढरा झोत पडला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. लाल उजेडाने तेवढं बिघडत नाही. मोबाईलचं तेच. फोटो काढायला कोणी फ्लॅश मारला तर भांडी त्याने घासायची.

सी-३०२ ईराची आई : दादा, एक विचारायचं होतं. पर्सनलवर विचारणार होते, पण सगळ्यांनाच लागू आहे म्हणून इथेच. ईरा बाराची आहे. अजून सुरू झालेली नाही, पण केव्हाही होईल. तिथे एकही बाई नाही.

(वीस मिनिटं कोणी काही लिहिलं नाही.)

डी-४०१ बर्वेकाका : हा विषय ग्रुपवर नको.

ए-५०३ रेवाची आई : काका, मग कुठे?

बी-४०३ सावंत : वहिनी, बरं झालं विचारलंत. निळा पाऊच आहे, त्यात दोन साइजचे पॅड, जादा चड्ड्या, कागदी पिशव्या, गरम पाण्याची रबरी पिशवी. माझ्या सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात. सगळ्या मुलींना गाडीतच सांगेन की तो तिथे आहे आणि विचारून घ्यायचा नाही, सरळ घ्यायचा. ज्या ताईंकडे जेवतोय त्यांच्याशीही बोललोय. पण माझं म्हणणं, जाण्याआधी प्रत्येक बाबाने लेकीशी एकदा बोलावं. आईने बोललेलं असलं तरी.

सी-७०१ इनामदार : काय बोलायचं?

बी-४०३ सावंत : ‘मला माहीत आहे, लागलं तर सांग.’ एवढंच. मी गाडी चालवताना बोललो. समोर बघत बोलता येतं, ते सोपं जातं.

सोमवार, १५ डिसेंबर

सेक्रेटरी : टँकर २ वाजता येईल.

बी-४०३ सावंत : हिशेब आज रात्री टाकतो. माणशी ९५० झाले, १२०० घेतले होते, उरलेले परत. मोजणीचा अधिकृत आकडा ५७. शिवाय आठांवर वाद आहे. रेवाच्या मते त्या उल्का, मनूच्या मते तीन विमानं आणि बाकी रेवाची कल्पनाशक्ती.

ए-५०३ रेवाची आई : आमच्याकडे आकडा ६५ सांगितला गेलाय 😄

बी-६०४ पाटील : मी एरवी ग्रुपवर लिहीत नाही. आज लिहितो.

नियमाप्रमाणे बॅग मी भरली. मुक्ताला विचारून. चार स्वेटर घेतले, तिने सांगितलेलं गोष्टीचं पुस्तक घेतलं, कंगवा घेतला नाही. तिनेही सांगितला नाही, कारण कंगवा बॅगेत असतोच असं तिला वाटत होतं. तो असतोच कसा, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

घोटीवरून उजवीकडे वळल्यावर कळसूबाई दिसायला लागलं. मी आपलं ‘१६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच’ वगैरे सुरू केलं, तर मागून मुक्ता म्हणाली, ‘बाबा, ते शाळेत झालंय. तुम्ही लहानपणी कुठे चढला होतात ते सांगा.’ मी कुठेच चढलो नव्हतो. मग आंबेगावला मामाकडे चिंचेवर चढलो होतो आणि उतरता येईना म्हणून आजोबांनी शिडी आणली होती, ते सांगितलं. गाडीतल्या चारही मुली ते ऐकून इतक्या हसल्या की शेंडीपर्यंत तेच चालू होतं. मला वाटतं, तिला मी कधी कशाला घाबरलो होतो हे पहिल्यांदाच कळलं.

तंबू उभारायला आम्हा सहा बापांना पाऊण तास लागला. शेवटी ईराने कागद वाचून सांगितलं की काठ्या उलट्या घातल्यात.

रात्री जेवून मॅटवर आडवे पडलो. आधी वीस मिनिटं काही दिसेना, मुली कंटाळल्या, इनामदार घोरायला लागले. मग मनूचे आजोबा खुर्चीतून बोलायला लागले. ‘ते तीन तारे ओळीत दिसतात ना, तो बाण. मृगाच्या पोटात रुतलाय. ज्याने मारला तो खाली, सगळ्यात तेजस्वी, व्याध. वर लालसर ती रोहिणी.’ आजोबांनी बोट दाखवलं नाही, नुसतं सांगितलं, आणि मुलींनी आपापलं शोधलं. ‘सापडला बाण!’ असं पहिल्यांदा मनूच ओरडली. त्याच वेळी पुनर्वसूकडून एक लांबच्या लांब पिवळसर रेघ गेली आणि सगळं शेत एका आवाजात ‘आऽऽ’ म्हणालं. इनामदार दचकून उठले आणि म्हणाले, ‘काय झालं?’ त्यांची ती उल्का गेली ती गेलीच.

मनूने आजोबांच्या फोनवर बाबांसाठी मेसेज रेकॉर्ड केला. रेंज नव्हती. रविवारी घोटीला आल्यावर गेला.

रात्री साडेअकराला मी सावंतांकडे गेलो आणि म्हणालो, निळा पाऊच दे. कोणासाठी ते सांगत नाही. त्यांनीही विचारलं नाही.

आता सकाळचं. मुक्ताचे केस कमरेपर्यंत. रात्रभर कानटोपीत, वर गवत. गाठीच गाठी. सावंतांनी कंगवा दिला, मी वरून ओढायला लागलो, ती रडायला लागली. मी म्हणालो थोडं सहन कर, ती अजून रडली. तेवढ्यात ताई चहा घेऊन आल्या. कप ठेवला, माझ्या हातातून कंगवा घेतला, चुलीजवळच्या बाटलीतलं खोबरेल तळव्यावर घेतलं, थिजलं होतं ते चोळून पातळ केलं. मग केसांची मूठ मध्ये घट्ट धरली आणि टोकापासून सुरुवात केली. चार बोटं खालचं सुटलं की मूठ जरा वर. ‘मुळापासून ओढलं की गाठ घट्ट होते, साहेब. खालून यायचं.’ अर्धं करून कंगवा माझ्याकडे दिला आणि गेल्या भाकऱ्या टाकायला.

उरलेलं अर्धं करायला मला पंचवीस मिनिटं लागली. मूठ धरली की ओढ डोक्यापर्यंत जात नाही, एवढी साधी गोष्ट. मी बेचाळीस वर्षांचा आहे. रतनवाडीच्या अमृतेश्वराला पोचायला आमच्यामुळे सगळ्यांना उशीर झाला, त्याबद्दल सॉरी. देऊळ मी नीट बघितलंच नाही. मुक्ता खांबांवरच्या मूर्ती मोजत होती आणि मी तिची वेणी सुटते का ते बघत होतो.

सी-१०४ मनूचे आजोबा : पिठलं उत्तम होते. गुडघा ठीक आहे. पुढच्या वेळी मे अखेरीस चला, काजवे दिसतील.

डी-४०१ बर्वेकाका : पुढच्या वेळी माझ्या नातीला नेता येईल का? ती पुण्याहून मेमध्ये येते. मी येऊ शकतो. म्हणजे चालत असेल तर.

बी-४०३ सावंत : काका, खुर्च्या दोन आहेत.

सी-३०२ ईराची आई : गुलाबी मोजा एक, लिफ्टमध्ये सापडला. कोणाचा?

बुधवार, १७ डिसेंबर

बी-६०४ मुक्ताची आई : ग्रुपवर तक्रार नोंदवते. दोन दिवस झाले, मुक्ता माझ्याकडून वेणी घालून घेत नाहीये. म्हणते, तू वरून ओढतेस. शाळेची बस ६:५० ला.

बी-२०१ सईची आई : 😂 मग कोण घालतंय?

बी-६०४ पाटील : मी. ६:१० ला उठतोय. काल पोनी बांधली, चालत नाही म्हणे. दोन वेण्या आणि काळ्या रिबिनीच लागतात. रिबिनी कुठे असतात आपल्या घरात?

बी-६०४ मुक्ताची आई : मुक्ताला विचारा.