लक्ष्याचे डोळे

'झपाटलेला'तला बाहुला आता खोटा वाटतो, हे मला नाही पटत. परवा ऐरोलीला ताईकडे भाच्यांबरोबर पुन्हा पाहिला. तात्या विंचूने मान वळवली तशी धाकटी उशी छातीशी धरून ताईला चिकटली! सिनेमा १९९३ चा, पण रामदास पाध्यांचा बाहुला कलाकारांसमोर खरोखर होता, हात लावता येईल असा. ते पडद्यावर जाणवतं. त्यात दिलीप प्रभावळकरांचा तो गुर्मीचा आवाज.

मारामाऱ्या जरा लांबल्यात, ते मान्य.

मी मात्र या वेळी लक्ष्मीकांत बेर्डेंकडेच बघत राहिलो. बाहुला जिवंत आहे हे लक्ष्या जीव तोडून सांगतो आणि कुणाचाच विश्वास बसत नाही. लहानपणी तिथे पोट धरून हसायचो. आता त्याचे डोळे दिसले. भेदरलेले, पार एकटे पडलेले. हसू आलंच, पण घशात काहीतरी अडकलं. २००४ मध्ये गेला हा माणूस, किती लवकर!

धाकटीने झोपायच्या आधी तिचं टेडी बाल्कनीत ठेवायला लावलं. दार नीट लागलंय ना, हे दोनदा तपासलं.