अंगणाला पाणी बंद, आणि रॅकून नदी वर कुठून येते

प्रेषक: वॉकीची एक सभासद
विषय: नळाचं पाणी आणि बाळाचं दूध

नमस्कार मंडळी,

2025 च्या 12 जूनपासून इथे अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डे मॉइन शहर आणि आपल्या वॉकीसारख्या आसपासच्या गावांत हिरवळीला पाणी घालायला बंदी आली आहे, हे सगळ्यांना कळलंच असेल. पाण्यात नायट्रेट वाढलंय असं कारण सांगतात. आमचं बाळ साडेतीन महिन्यांचं आहे आणि वरच्या दुधाची पावडर आम्ही नळाच्या पाण्यातच कालवतो. सासूबाई म्हणतात, दहा मिनिटं चांगलं खळखळ उकळ, मग भीती नाही. तसं चालेल का? आणि नदीला भरपूर पाणी दिसतंय, दुष्काळ नाही, मग अंगणाला बंदी कशी?

कोणाला नक्की माहीत असेल तर कृपया लिहा. दोन रात्री झोप नाही.

*

प्रेषक: वेस्ट डे मॉइनचे काका
विषय: उत्तर: नळाचं पाणी आणि बाळाचं दूध

चि. ताई,

आधी बाळाचं. नायट्रेटसाठी पाणी उकळू नकोस. उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट हा विरघळलेला क्षार आहे. पाणी वाफ होऊन उडतं, क्षार भांड्यातच राहतो, म्हणजे उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण उलट वाढतं. सासूबाईंना हे प्रेमाने सांग. आपल्याकडे विहिरीच्या पाण्याला त्यांचाच उपाय बरोबर होता. नळाच्या पाण्याची मर्यादा लिटरला 10 मिलिग्रॅम आहे (नायट्रोजन म्हणून मोजलेली), आणि ती ठरवली आहे ती तुझ्या बाळाएवढ्या मुलांसाठीच. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद नायट्रेटमुळे कमी होऊ शकते, बाळ निळं पडतं. नळाला येणारं पाणी मर्यादेच्या आत राहावं म्हणूनच ही बंदी आहे. नायट्रेट काढायची यंत्रणा दिवसाला ठरावीक पाणीच साफ करू शकते आणि उन्हाळ्यात हिरवळ फार पाणी पिते. ते वाचलं की पिण्याच्या पाण्याला यंत्रणा पुरते. तरी मनाची खात्री डॉक्टरांना विचारूनच कर.

आता नदीचं. हे मला मनापासून लिहायचं आहे, कारण तीस वर्षं मी हे पाणी पितोय आणि पहिली दहा वर्षं ते कुठून येतं हे मी विचारलंही नव्हतं.

आपल्या पाण्याचा मोठा भाग रॅकून नदीचा. बेसबॉलच्या प्रिन्सिपल पार्कपाशी ती डे मॉइन नदीला मिळते. 1843 साली फौजेने छावणी बांधली ती याच संगमावर. तिचं नाव फोर्ट रॅकून ठेवावं असं तिथल्या कॅप्टन ॲलनच्या मनात होतं, वरिष्ठांनी ते मानलं नाही. संगमापासून वर चाललं की व्हॅन मीटरच्या जरा पश्चिमेला नदीचे दोन फाटे होतात, उत्तर रॅकून आणि दक्षिण रॅकून. दक्षिणेला रेडफील्डच्या बाजूला मधली रॅकून येऊन मिळते. मधली येते कॅरोल काउंटीतून (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग), कून रॅपिड्सवरून. त्याच गावाशेजारी गार्स्ट यांच्या शेतावर 1959 च्या सप्टेंबरमध्ये सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह मका बघायला आले होते.

पण आपल्या गोष्टीतली नदी आहे उत्तर रॅकून. ती निघते पार वर ब्यूना व्हिस्टा काउंटीत, मॅरॅथॉन नावाच्या लहान गावाजवळ, आणि सॅक सिटी, जेफरसन, पेरी, ॲडेल करत खाली येते. तिन्ही फाटे धरले तर पाणलोट साडेतीन हजार चौरस मैलांच्या वर जातं. उत्तरेकडचा भाग शेवटच्या हिमनदीने लोळून सपाट केलेला आहे. जेमतेम चौदा हजार वर्षांपूर्वी बर्फ तिथे होतं. इतक्या कमी काळात जमिनीला ओढे-नाले पाडायला सवडच मिळाली नाही, म्हणून पाणी जागोजागी तळ्यांत, दलदलीत साचून राहायचं. त्यावर उंच गवत वाढायचं, कुजायचं, आणि त्यातून ही काळी माती झाली. दक्षिण रॅकूनकडे जमीन जुनी, डोंगरउताराची. तिथे पाणी आपली वाट आपण काढतं.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून लोकांनी त्या दलदलीत तीन-चार फूट खोल भाजक्या मातीच्या नळ्या पुरल्या. आता काळे, भोकांचे प्लास्टिकचे पाईप पुरतात. मी शिरोळ तालुक्यातला. आमच्याकडे उसाला पाणी जास्त होऊन जमीन क्षारपड झाली की निचऱ्याचे सच्छिद्र पाईप असेच घालतात. तो पाईप बघून माझं काळीज हललं होतं, गावचाच वाटला. फरक एवढाच, की आमच्याकडे मीठ बाहेर काढायला पाईप, इथे पाणी.

नायट्रेट मातीच्या कणाला चिकटत नाही, पाण्याबरोबर जातं. मे-जूनमध्ये मका अजून गुडघ्याएवढा, त्याची मुळं लहान; खत, डुकरांच्या गोठ्यातलं शेणखत आणि काळ्या मातीतलं मूळचं नायट्रोजन सगळं मोकळं झालेलं. त्यावर पाऊस पडला की ते पाईपात, पाईपातून चरात, चरातून नदीत. म्हणून नदी भरलेली असतानाच हा त्रास जास्त. ताई, तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

डे मॉइनच्या पाणीखात्याने नायट्रेट काढायची यंत्रणा 1990 च्या दशकाच्या सुरुवातीलाच उभारली, जगातल्या मोठ्यांपैकी एक. 1993 च्या जुलैत हीच रॅकून जलशुद्धीकरण केंद्रात शिरली आणि अडीच लाख लोक बारा दिवस बिनपाण्याचे राहिले. पिण्याजोगं पाणी यायला एकोणीस दिवस लागले. 2015 साली पाणीखात्याने सॅक, कॅल्हून आणि ब्यूना व्हिस्टा या तीन काउंट्यांतल्या निचरा मंडळांवर, म्हणजे शेतांचं पाणी नदीत सोडणाऱ्या संस्थांवर, दावा लावला. 2017 मध्ये तो फेटाळला गेला. कायद्याचं मत काय ते असो, मला वाटतं वरच्या माणसाने खालच्याचा विचार केलाच पाहिजे. नरसोबाच्या वाडीच्या संगमावर वाढलेल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

आशीर्वाद,
काका

*

प्रेषक: जॉन्स्टनहून
विषय: उत्तर: नळाचं पाणी आणि बाळाचं दूध

काका, पत्र दोनदा वाचलं. एका गोष्टीत तुमच्याशी वाद घालते, राग मानू नका.

मी बियाण्यांच्या कामात आहे, वर्षातले चार महिने शेतांवरच असते. ग्रीन काउंटीतल्या एका शेतकऱ्याच्या बांधावर मी मे महिन्यात उभी होते. पाईपाचं तोंड चरात उघडत होतं, मनगटाएवढं. पाणी इतकं नितळ की ओंजळीतल्या हातावरच्या रेषा दिसत होत्या, आणि बर्फासारखं गार. कोणीही सहज प्यायलं असतं. मी नायट्रेट चाचणीची पट्टी बुडवली. मिनिटाभरात ती गर्द गुलाबी झाली, डबीवरच्या 20 च्या खान्याशी जुळली. तो शेतकरी माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, माझ्या नातीचं पाणीही विहिरीचंच आहे. तो वाईट माणूस नाही, काका. त्याच्या आजोबांनी पुरलेल्या नळ्या आहेत त्या.

आता तो शंभर एकरांवर मका काढायच्या सुमाराला राय नावाचं गव्हासारखं धान्य पेरतो. हिवाळ्यात आणि वसंतात जमीन उघडी राहत नाही, राय ते नायट्रेट धरून ठेवतं. पाईपाच्या तोंडाशी त्याने खड्डा काढून लाकडाच्या ढलप्या भरल्या आहेत. त्यात जीवाणू वाढतात, श्वासासाठी नायट्रेट वापरतात आणि त्यातलं नायट्रोजन वायू होऊन हवेत जातं. काही ठिकाणी नदीची जुनी, तुटलेली वळणं उकरून पुन्हा पाणथळ करतात. टोपेका शायनर नावाचा बोटभर मासा, 1998 पासून संरक्षित यादीत आहे, तो तिथे परत येतो. ही कामं चांगली आहेत, पण फार थोड्या शेतांवर होतात. दावा हरला त्यापेक्षा मला याचं जास्त वाईट वाटतं.

ताई, तुमच्याकडे किंवा कोणाही ओळखीच्यांकडे खाजगी विहीर असेल तर ती तपासून घ्या. नळाच्या पाण्यावर रोज नजर असते, विहिरीवर कोणाचीच नसते.

*

प्रेषक: वॉकीची एक सभासद
विषय: उत्तर: नळाचं पाणी आणि बाळाचं दूध

काका, ताई, दोघांचे मनापासून आभार. डॉक्टरांनी सांगितलं, नळाचं पाणी चालेल, उकळत बसू नका. सासूबाईंनी ऐकलं.

शनिवारी आम्ही सगळे मॅरॅथॉनला जाऊन आलो, दोन-अडीच तासांची वाट. काकांनी सांगितलेली नदी शोधायला बराच वेळ लागला, कारण आम्ही झाडं आणि वळणं शोधत होतो. ती मक्याच्या दोन शेतांमधला सरळ खणलेला चर निघाली, काठावर गवत, एका उडीत ओलांडता येईल एवढी. रस्त्याच्या पुलाखाली काळ्या पाईपातून पाणी पडत होतं, त्याचा आवाज मात्र अगदी ओढ्याचा. सासूबाई कठड्याला हात टेकून बराच वेळ उभ्या राहिल्या. त्यांनी नेहमीप्रमाणे नदीत टाकायला नाणं काढलं होतं, ते पुन्हा पिशवीत ठेवलं आणि म्हणाल्या, ही तर पाटासारखी बांधलेली आहे गं.

आम्ही पट्टी बुडवली. आमचीही गुलाबी झाली. येताना ॲडेलच्या पुलावर थांबलो तेव्हा तीच नदी रुंद, मातकट आणि वेगात होती, आणि लोक डोंग्या घेऊन उतरत होते.

पट्ट्यांच्या डबीत पंचवीस होत्या, त्यातल्या एकवीस शिल्लक आहेत. गावाबाहेर राहणाऱ्या ज्यांच्याकडे विहीर आहे त्यांनी मला कळवा, रविवारच्या मराठी शाळेत घेऊन येते. पट्टी गुलाबी झाली तर काउंटीच्या आरोग्य खात्याकडून नीट तपासणी करून घ्या.