पंप, जनरेटर आणि मधली वायर

२.५ केव्हीएच्या (२५०० व्होल्ट-अँपिअर क्षमतेच्या) जनरेटरवर १ एचपीचा पंप लावला की जनरेटर गुरगुरून बंद पडतो, अशी तक्रार तुम्ही केली आहे. जनरेटर खराब नसावा. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, पण ते शाफ्टवर (मोटरच्या फिरत्या दांड्यावर) मिळणारं काम. सिंगल फेज मोटर प्रत्यक्षात ओढते साधारण ११०० वॅट, आणि सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट करंट. तुमचा जनरेटर २३० व्होल्टला जेमतेम ११ अँपिअर देतो. आधी बाकी सगळं बंद करून एकटा पंप लावून बघा. तरीही दबला तर ५ केव्हीएचाच लागेल.

दुसरं, जनरेटरपासून पंपापर्यंतची तुमची ५० मीटर लांब १.५ चौ.मिमीची वायर. जाऊन-येऊन १०० मीटर तांबं, म्हणजे सुमारे १.२ ओहम. १० अँपिअरला १२ व्होल्ट वाटेतच जातात, पंप सुरू होताना तर त्याच्या कितीतरी जास्त. ४ चौ.मिमी घ्या. आणि वायर रिळावर ठेवू नका, पूर्ण उलगडा. आमच्या शेतावर तासाभराने रीळ उचललं तेव्हा वरचे वेढे कोमट होते, आतल्यांनी हाताला चटका दिला. इन्सुलेशन मऊ होऊन एकमेकांना चिकटलं होतं.

दोन्ही टोकांना प्लग असलेल्या वायरने जनरेटरची वीज घराच्या सॉकेटमध्ये सोडायचा जो सल्ला इथे दिलाय, तो मात्र कृपा करून कुणी पाळू नका. मेन स्विच चालू राहिला तर ती वीज उलटी ट्रान्सफॉर्मरमधून ११ केव्हीच्या (११,००० व्होल्टच्या) लाइनवर चढते, आणि लाइट गेलेली असताना खांबावर लाइनमन असतो. वायरमनकडून चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाइन किंवा जनरेटर, एकच जोडणारा) बसवून घ्या.