मदत हवी आहे: तालमीतल्या पहाटेच्या उजेडासाठी ५० एमएम लेन्स एफ १.४ घ्यावी की १.२?

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरचा. पोटापाण्याला लग्नाचे फोटो काढतो, पण हा प्रश्न त्या कामाचा नाही. गेले सहा महिने आमच्या पेठेतल्या तालमीत पहाटे जातोय. वस्तादांनी भिंतीवर लावायला ३० बाय २० इंची प्रिंट मागितलेत. त्या भिंतीवर जुन्या मल्लांचे काळे-पांढरे फोटो आहेत, त्यात माझे आजोबाही आहेत. त्यांच्या शेजारी लागणारा फोटो उगीच कसातरी लागलेला मला चालणार नाही.

अडचण उजेडाची. पहाटे पाचला हौद्यावर, म्हणजे कुस्तीच्या मातीवर, दोन ट्यूब, बाकी अंधार. फ्लॅशला वस्तादांनी मनाई केलीय आणि मला ते पटतं. डाव टाकणाऱ्या पोराच्या डोळ्यावर झोत मारायचा नसतो. कॅमेरा सोनी ए७ थ्री, २४ मेगापिक्सेल, म्हणजे या मापाच्या प्रिंटला इंचाला २०० पिक्सेल मिळतात. त्यात आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड पकडायची संवेदना) चढला की काळ्या अंगावरचा घाम आणि लाल माती यांचा एकच राडा होतो. ढाक हा डाव लावताना धरायचं तर शटर निदान १/५०० सेकंद लागतं. माझ्या जुन्या एफ १.८ लेन्सवर (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त) तेव्हा आयएसओ ६४०० होतो. हिशोबाने १.४ वर तो ४००० च्या आसपास येईल, १.२ वर २८०० च्या. ट्यूबमुळे फ्रेमागणिक उजेड कमी-जास्त होतो, त्याला अँटी-फ्लिकर चालू ठेवतो. तो प्रश्न सुटलाय.

एका मित्राकडून भाड्याने ८५ एमएम १.४ आणून बघितली. पाठ भिंतीला टेकवूनही हौदा तीन मीटरच्या पुढे जात नाही. तेवढ्यात ८५ ला जेमतेम सव्वा मीटर रुंद चौकट मिळते, कुणाचे ना कुणाचे पाय कापले जातात. ५० ला तीच चौकट दोन मीटरच्या वर जाते, दोघे वाकून भिडलेले नीट बसतात. ३५ मध्ये मागच्या खुंट्या, लंगोट, बादल्या सगळंच येतं. म्हणून ५० नक्की.

आता खरा घोळ. परवाचा एक फोटो सांगतो. दोघं डोक्याला डोकं लावून उभे, मी साधारण दोन मीटरवर. पुढच्याच्या भुवईत अडकलेला मातीचा कण न् कण दिसतोय. मागच्याचा मोडलेला कान, म्हणजे ज्याच्यासाठी मी तो फोटो काढला तो कान, मऊ पडलाय. आणि हे १.८ वर! त्या अंतरावर १.८ ला फोकसची खोली, म्हणजे पुढून मागे जेवढं स्वच्छ दिसतं तेवढा पट्टा, जेमतेम १७ सेंटिमीटर. १.४ ला ती १३ वर येते, १.२ ला साडेअकराच्या आसपास. म्हणजे उजेडासाठी पैसे मोजायचे आणि दुसरा गडी घालवायचा, असं तर होणार नाही ना? एकटा पोरगा जोर मारत असेल तेव्हा १.२ सोन्यासारखी, पण लढत दोघांची असते.

डोळ्यापुढे तीन लेन्स आहेत. सोनीची ५० एमएम १.४ जीएम, २०२३ ची, ५१६ ग्रॅम, ६७ एमएम फिल्टर. सिग्माची ५० एमएम १.४ डीजी डीएन आर्ट, तीही २०२३ ची, पण ६६० ग्रॅम आणि ७२ एमएम फिल्टर. आणि २०२४ मध्ये आलेली सिग्माची १.२ डीजी डीएन, साधारण पाऊण किलोची. सोनीची १.२ जीएम माझ्या आवाक्याबाहेर आहे, ती सुचवू नका. बजेट एक लाख, ताणून सव्वा. जुनी पण काच स्वच्छ असलेली मिळाली तरी चालेल. दुसऱ्या कंपनीच्या लेन्सला सोनी बॉडीवर सेकंदाला १५ फ्रेमची मर्यादा असते हे माहीत आहे, पण माझा कॅमेराच १० च्या पुढे जात नाही.

वजनाचंही बघायचंय, कारण मी दीड तास उकिडवा बसून असतो. मातीत तेल, ताक, हळद असते, ती बोटाला चिकटते आणि बोटावरून लेन्सच्या रिंगवर जाते.

ज्यांनी या लेन्स अंधारात, हलणाऱ्या माणसांवर वापरल्यात त्यांनीच सांगा. एवढ्या कमी उजेडात ए७ थ्रीवर सिग्माच्या १.४ चा फोकस डोळ्याला धरून राहतो का? पूर्ण उघडल्यावर कोपरे काळवंडतात, ते उजळताना १.२ चा फायदा कडेला कितपत उरतो? आणि दोघे भिडलेले असताना तुम्ही एफ किती ठेवता, फोकस कुणावर टाकता?

कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीकडे कुणाकडे यातली एखादी असेल तर एका पहाटेपुरती घेऊन या. तालमीत मी नेतो, चपला बाहेर काढायच्या, एवढाच नियम.