डब्यात शंकरपाळे कोणी ठेवले?

प्रेषक: मिलिंद
प्रति: मंडळ – सगळे

नमस्कार मंडळी,

रविवारी न आलेल्यांसाठी आधी थोडक्यात. नऊ मोठे आणि चार पोरं लंडनच्या यूस्टनहून ट्रिंगला उतरलो. तिथून रिजवे नावाची पायवाट धरून ऑल्डबरी नाउअर्सचं रान, पिटस्टन हिल, आयव्हिंगो बीकन आणि त्याच वाटेने परत. जाऊन-येऊन ११ किलोमीटरच्या आसपास. खडूची जमीन ओली झाली की साबणासारखी होते. पांढऱ्या बुटांबद्दल मी आधीच लिहिलं होतं, नाव कुणाचं घेत नाही.

जिओकॅशिंग म्हणजे काय, असं दोघांनी स्टेशनवर विचारलं होतं. तेव्हा मी गाडी चुकलेल्यांशी फोनवर होतो, म्हणून आता सांगतो. कुणीतरी रानात डबा लपवतं आणि अक्षांश-रेखांश ॲपवर टाकतं. आपण तो शोधायचा, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि होता तसा परत लपवायचा. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढली. त्याच आठवड्यात, ३ मे रोजी, डेव्ह अल्मर नावाच्या माणसाने ऑरेगनमध्ये एक बादली लपवून तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. तिथून हा खेळ सुरू झाला.

पाचांपैकी चार सापडले. पिटस्टन हिलवरची डबी जुन्या कॅमेऱ्याच्या रिळाची, कुंपणाच्या खांबामागे. खरी मजा मात्र रानात आली. बीच नावाच्या झाडांखाली सिग्नल भरकटतो. फोनवरचा बाण आम्हाला वीस मिनिटं एकाच बुंध्याभोवती प्रदक्षिणा घालायला लावत होता. शेवटी शलाकाचा धाकटा एका मुळापाशी थांबला आणि म्हणाला, "काड्या सरळ आहेत." खरंच, सात-आठ काटक्या शेजारी शेजारी, एकाच दिशेने. झाड काटक्या अशा टाकत नाही. त्या उचलल्या तर खाली क्लिपच्या झाकणाचा डबा!

आता मुद्दा. काल रात्री फोटो पाहत होतो. डबा बंद करतानाच्या फोटोत वहीखाली एक छोटी पिशवी दिसतेय, आणि आत शंकरपाळे आहेत. डब्यात खाण्याचं काही ठेवायचं नसतं. कोणी ठेवले?

– मिलिंद

*

प्रेषक: शलाका

मिलिंददादा,

आमच्याच धाकट्या रत्नाने. आताच चौकशी झाली. त्याचं म्हणणं ऐक: डब्यातून एक वस्तू घेतली तर बरोबरीची किंवा जास्त मोलाची ठेवायची, हे तूच सांगितलंस. त्याने हिरवा डायनासोर घेतला. त्याच्या खिशात दोनच वस्तू होत्या, वापरलेला टिश्यू आणि पहिल्या घाण्याचे शंकरपाळे. त्याने विचार करून जास्त मोलाची ठेवली. मला रागावताच येईना.

आणि त्या अल्मरच्या बादलीत म्हणे बीन्सचा डबा होता! मग?

*

प्रेषक: मिलिंद

तो सीलबंद टिन होता, ताई. इथे तुपाचा वास. उंदीर, खारी, बॅजर यांना पत्ता द्यायला जीपीएस लागत नाही. डबा कुरतडला की पाणी शिरतं आणि वहीचा लगदा होतो. धाकट्याला काही बोलू नकोस. चूक माझी, सांगायचं राहिलं.

पण कुणीतरी जाऊन काढायला हवेत. मला शनिवारपर्यंत जमणार नाही.

*

प्रेषक: वर्धेचे काका (शलाकाचे बाबा)

सर्वांस सप्रेम नमस्कार.

नातवाची वकिली करायला लिहीत नाही. मिलिंदरावांनी बीकनबद्दल एक ओळसुद्धा लिहिली नाही, म्हणून लिहितो. माथ्यावर सिमेंटचा चौकोनी खांब आहे. त्यावर आपण डबे मांडून दशम्या खाल्ल्या. जेवण झाल्यावर मी वरचं पुसलं, तर खाली तीन खाचांची पितळी बैठक. थिओडोलाइटचे, म्हणजे कोन मोजायच्या यंत्राचे, तीन पाय त्यात बसतात. १९३६ पासून ब्रिटनभर असे साडेसहा हजारांवर खांब उभारले. मी मोजणी खात्यात ३४ वर्षं काढली, त्यातली सुरुवातीची शंकू-साखळी घेऊन. त्या पितळेवर बोट फिरवताना मला काय वाटलं ते इथे लिहीत नाही.

आपल्याकडे मोजणीचं हे काम विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून सुरू केलं. मोजत मोजत तो वर आला आणि १८२३ च्या जानेवारीत आमच्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला वारला. कबर तिथेच आहे. जॉर्ज एव्हरेस्ट लॅम्बटनच्या नंतरचा, पण शिखर एव्हरेस्टच्या नावाचं!

शंकरपाळ्यांबद्दल एवढंच की खुणेपाशी खायचं ठेवायची खोड आपली जुनी आहे. आमच्याकडे हद्दीच्या दगडावर कुणी नारळ फोडला की पुढच्या मोजणीला त्याला शेंदूर लागलेला असायचा. मग तो दगड हलवायची कुणाची छाती!

*

प्रेषक: अनघा

मी बर्कमस्टेडला राहते, ट्रिंग पुढचंच स्टेशन. गुरुवारी सुट्टी आहे, मी जाते. खूण सांग, बाणावर माझा विश्वास नाही.

*

प्रेषक: मिलिंद

रानात शिरल्यावर उजवीकडे दोन बुंध्यांचा बीच दिसेल. त्याच्या मागच्या बाजूला, गुडघ्याखाली. काटक्या परत तशाच रच. कुणी येताना दिसलं तर बुटाची नाडी बांधायचं नाटक कर, सगळे तेच करतात.

*

प्रेषक: अनघा
(गुरुवार)

सापडला. नाडी तीनदा बांधली. एक आजोबा कुत्र्यासह तीनदा गेले. तिसऱ्यांदा म्हणाले, जरा डावीकडे बघा.

झाकणाचा एक कोपरा कुरतडलाय, पण आरपार नाही. वही कोरडी आहे. ज्याने डबा ठेवलाय त्याला ॲपवरून कळवलं. पिशवी काढून आणली, शंकरपाळे सगळे शाबूत. शलाका, मी त्यातला एक खाल्ला. खुसखुशीत आहेत गं, मोहन किती घालतेस?

डायनासोरच्या बदल्यात काहीतरी ठेवायला हवं होतं. पर्स उलटी केली तर मागच्या भारतवारीतलं पाच रुपयांचं नाणं निघालं, ते ठेवलंय. धाकट्याला विचारून सांग, चालेल का.