ट्रायकोडर्मा आणि सुडोमोनास एकाच बादलीत चालतं का?

गच्चीवाली_इंदूर
नमस्कार मंडळी. राजेंद्रनगरला गच्चीवर तीसेक कुंड्या आहेत (इथे सगळे गमलेच म्हणतात, माझ्याही तोंडी तेच येतं), माती आपली काळीच, त्यात घरचं कम्पोस्ट. टोमॅटोचं बी टाकलं तर दोन-दोन पानं आली की रोपं बुडाशी पाणचट होतायत, सकाळी उभी आणि संध्याकाळी आडवी. दुकानदाराने दोन पाकिटं दिली, ट्रायकोडर्मा आणि सुडोमोनास, म्हणाला भाभीजी पहिली बुरशी आहे दुसरा बॅक्टेरिया, दोन्ही गुळाच्या पाण्यात मिसळा, तीन दिवस ठेवा आणि टाका. मी मिसळलं. आता घरात वाद पेटलाय, मुलगा म्हणतो बॅक्टेरिया बुरशीला मारतात, दोन्ही एकत्र म्हणजे पैसे पाण्यात. खरंच मारतात का? मग जमिनीत दोघं शेजारी शेजारी राहतात कसे?

पोहे_विथ_सेव
मी दोन वर्षं एकत्रच टाकतोय, काही बिघडलं नाही. काही सुधारलं का तेही सांगता येत नाही म्हणा 😄

एमएस्सी_मायक्रो
ताई, मुलाचं अर्धं बरोबर आहे. लॅबमध्ये आम्ही हे प्लेटवर बघायचो, एका बाजूला ट्रायकोडर्माचा तुकडा ठेवायचा, समोर सुडोमोनासची रेघ ओढायची. बुरशी कापसासारखी पांढरी पसरत येते, मागून हिरवी पडत जाते, आणि एखाद्या स्ट्रेनसमोर (म्हणजे सुडोमोनासच्या एखाद्या वाणासमोर) अशी थबकते की मधे मोकळा पट्टाच राहतो. दुसरा स्ट्रेन घेतला तर सरळ त्याच्या अंगावरून जाते. म्हणजे पाकिटात कुठला स्ट्रेन आहे त्यावर सगळं. सुडोमोनास फेनाझिनसारखी बुरशीनाशक द्रव्यं सोडतो, वर सिडरोफोर (लोह पकडणारे रेणू) सोडून आजूबाजूचं लोह स्वतःकडे ओढतो, मग शेजारची बुरशी लोहाविना उपाशी. ट्रायकोडर्माही काही गरीब गाय नाही, दुसऱ्या बुरशीच्या धाग्याला वेटोळे घालते आणि तिची भिंत विरघळवून खाते.

पण बादली वेगळी आणि माती वेगळी. गुळाच्या पाण्यात बॅक्टेरिया तासाभरात दुप्पट होतात, बुरशीच्या बीजाणूला रुजायलाच कितीतरी तास लागतात, तोवर पाण्यातला ऑक्सिजन संपलेला असतो आणि ट्रायकोडर्माला तर हवा लागतेच. तीन दिवसांनी तुमच्या बादलीत जे आहे ते बहुतेक गुळाबरोबर आलेलं यीस्ट.

मातीत मात्र चिमटीभर ढेकळात हजारो कप्पे असतात, बरेचदा दोघांची गाठच पडत नाही. बॅक्टेरिया एक-दोन मायक्रॉनचा, पोहायला पाण्याचा पापुद्रा हवा, माती जरा सुकली की आपल्या भोकात अडकला. बुरशीचा धागा हवेची पोकळी ओलांडून पलीकडे जातो आणि त्या धाग्यावर पाण्याचा पातळ थर असतो, त्यावरून बॅक्टेरिया घसरत पुढे जातात, याला फंगल हायवे असंच म्हणतात. आपला इंदूरचा एबी रोड समजा, फक्त जाम नसलेला.

देवाणघेवाणही चालते. मायकोरायझा, म्हणजे मुळांशी जोडून राहणारी बुरशी, मुळाकडून साखर घेते आणि बदल्यात फॉस्फरस देते, पण सेंद्रिय पदार्थात अडकलेला फॉस्फरस सोडवायची एन्झाइम तिच्याकडे जेमतेम, मग ती धाग्यातून थोडी साखर पाझरवते, त्यावर फॉस्फरस सोडवणारे बॅक्टेरिया जमतात, ते फोडतात आणि ही उचलते. माझं सगळ्यात आवडतं उदाहरण रायझोपस या बुरशीच्या एका जातीचं, ती भाताची रोपं मारते ते एका विषाने, आणि ते विष बुरशीचंच असं सगळे धरून चालले होते. 2005 मध्ये कळलं की ते बनवतात तिच्या पोटात राहणारे बॅक्टेरिया. ते काढून टाकले तर त्या बुरशीला बीजाणूही धरता येत नाहीत!

जुना_इंदूरकर
वरचं सगळं छान, पण ताई आधी सांगा, पाकिटं आणण्याआधी कुंड्यांत काही औषध टाकलंत का?

गच्चीवाली_इंदूर
हो काका, आठवड्यापूर्वी कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाचं पाणी. घरात पडलेलं होतं.

जुना_इंदूरकर
तेच वाटलं. कार्बेन्डाझिम ट्रायकोडर्माला मारतं. आणि पावसाळ्यात अशी रोपं कोलमडतात ती बरेचदा पिथियममुळे, ते बुरशीसारखं दिसतं पण खरी बुरशी नव्हेच, शेवाळांच्या गोतावळ्यातलं, त्याला कार्बेन्डाझिम काही करत नाही. म्हणजे औषधाने चोर सोडला आणि चौकीदार धरला. सुडोमोनासला त्याचा फारसा त्रास नाही, म्हणून आता त्याचं एक पाकीट आणून लिटरला 10 ग्रॅम घेऊन रोपांच्या बुडाशी ओता. ट्रायकोडर्मासाठी वेगळी माती घ्या. ते शेणखतात वाढवायचं असतं, 100 किलोला एक किलो हे प्रमाण, तुम्हाला 10 किलोला 100 ग्रॅम पुरे, ओलसर करून सावलीत गोणपाटाखाली दहा-पंधरा दिवस. गरम ढिगात घालू नका, कम्पोस्ट 60 अंशांवर गेलं की बहुतेक बुरशी मरते, ढीग निवल्यावर घाला. कम्पोस्टची इंदोर पद्धत जगभर ज्या नावाने चालते ते नाव आपल्याच गावाचं आहे, ती काढणारे इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड 1924 ते 1931 इथेच होते, आणि आपण गुळाच्या पाण्यात बुरशी बुडवतोय.
आणि कुंडीखालची ताटली काढा हो, ताटलीत पाणी साचलं की पिथियमची चैन.

गच्चीवाली_इंदूर
ताटल्या काढल्या. बादलीला आंबूस वास सुटलाय, सासूबाई विचारत होत्या कैरीचं पन्हं बिघडलं का. काय करू तिचं? आणि कम्पोस्टच्या ड्रममध्ये वरच्या थराखाली राखेसारखं पांढरं पसरलंय, ती कुठली बुरशी?

एमएस्सी_मायक्रो
बादली कम्पोस्टच्या ड्रममध्येच ओता, गूळ तरी वाया जायला नको. आणि ते पांढरं बुरशी नसावं, अॅक्टिनोमायसिटीज असावेत. धागे काढतात म्हणून बुरशीसारखे दिसतात, पण आहेत बॅक्टेरिया. पहिल्या पावसाचा मातीचा वास येतो ना, त्यातलं जिओस्मिन मुख्यतः हेच बनवतात. हातात घेऊन वास घ्या.

गच्चीवाली_इंदूर
घेतला. अगदी मृगाच्या पावसाचा! मुलगा म्हणतोय बघ, बॅक्टेरियाच निघाला, मी जिंकलो.